‘हाय की’ घेऊन नाशिकला

नाशिकला जाऊन त्र्यंबकेश्वर न करता परत आलेली आमच्या गल्लीत मी एकटीच असेन. आल्यापासून बायका विचारतात, त्र्यंबक केलं का, काळाराम केला का, सीतागुंफेत वाकून शिरलात का. मी सांगते, गंगेवर जाऊन हातपाय धुतले, बाकी दोन दिवस एका सभागृहात बसून होतो. मग त्यांना वाटतं, ही काहीतरी लपवतेय. सभागृह बघायला एवढ्या लांब कोण जातं? म्हणून सगळं लिहूनच काढायचं ठरवलं. सातवीत माझी शाळा सुटली. त्यानंतर हातात पेन आलं ते दवाखान्याच्या कागदावर सही करायलाच. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडं बघू नये.

आधी आमच्या घरचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचे हे सोलापुरात रिक्षावर भोंगे बांधून जाहिराती पुकारायचे. (नाव लिहायला आता कोण अडवतंय, पण पेन पुढं सरकत नाही, म्हणून ‘हे’च लिहिते.) रिक्षा दुसरा चालवायचा, हे मागं बसून माईकवर बोलायचे. साड्यांचा सेल, सर्कस, उद्या नळाला पाणी येणार नाही, हरवलेलं पोरगं अमुक चौकीत आहे, सगळं यांच्या आवाजात शहराला कळायचं. घरी आले तरी तोंड थांबायचं नाही. भूक लागली की दारातूनच सुरू, “समस्त माताभगिनींना कळविण्यात येते की, या घरातील एक इसम सकाळपासून उपाशी आहे.” मी म्हणायची, “इसमाला म्हणावं, आधी चपला काढ.”

दोन दिवाळ्यांमागं त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. पाय काठीवर चालण्याइतका परत आला. वाचा मात्र गेली ती गेलीच. राहिले फक्त दोन शब्द, “हाय की.” चहा पाहिजे का, हाय की. डोकं दुखतंय का, हाय की. राग आला तरी हाय की, रडू आलं तरी हाय की. कळत सगळं होतं. डोळ्यांत दिसायचं की आत पुष्कळ काही आहे, पण तोंडातून दुसरा शब्द येत नव्हता.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रेवती मॅडमचं नाव सुचवलं. मॅडम स्पीच थेरपिस्ट आहेत, म्हणजे बोलणं परत आणायचं शिकवतात. मी त्यांना आधीच ओळखत होते, पण वेगळ्या कारणानं. आमच्या चौकात त्यांचा मोठा फ्लेक्स लागला होता. विवाहित बायकांच्या सौंदर्यस्पर्धेत त्या पहिल्या आल्या होत्या. डोक्यावर मुकुट, खांद्यावरून पट्टा, चेहरा असा की फ्लेक्सखाली भाजी विकणाऱ्या बायका मान वर करकरून बघायच्या. मला धडकीच भरली. यांच्या तोंडातून तेव्हा सारखी लाळ यायची. ही मुकुटवाली बाई यांच्या तोंडाजवळ तरी येईल का?

पहिल्याच दिवशी मॅडमनी स्वतःच्या रुमालानं यांची लाळ पुसली आणि म्हणाल्या, “मामा, आता आपण गाणं म्हणायचं. आवाज कसाही असू दे.” त्या दिवसापासून मी त्यांच्याबद्दल वाकडं ऐकून घेतलेलं नाही.

दर सोमवारी आम्ही जायचो. मॅडम यांचा डावा हात हातात घ्यायच्या, त्यावर हलकी थाप देत शब्द गाण्यासारखा म्हणायच्या. पाऽणी. चऽहा. घरी मीही तसंच करायचे. वर्षभरानं एवढं झालं की यांना सूर यायला लागला. शब्द नाही, सूर. पाण्याच्या सुरात ‘हाय की’ म्हणायचे, चहाच्या सुरात ‘हाय की’ म्हणायचे. मला फरक कळायचा, मॅडमना कळायचा, तिसऱ्याला नाही.

अशात मॅडम म्हणाल्या, “मामी, नाशिकला आमच्या लोकांची परिषद आहे. घरच्या माणसांनी घरी काय करावं, यावर मला बोलायचंय. तुम्ही दोघं याल का?” मी हो म्हटलं. एवढी माणसं आयुष्यभर बोलण्याचंच काम करणारी. त्यांच्यासमोर तरी यांच्या तोंडून तिसरा शब्द निघेल, ही आशा बांधून मी निघाले.

सिन्नरच्या पुढं

मॅडमच्या गाडीतूनच गेलो. हे पुढं ड्रायव्हरशेजारी, मी आणि मॅडम मागं. मॅडमच्या मांडीवर एक स्टीलचा डबा होता, तसाच डबा माझ्याही मांडीवर. माझ्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती, ज्यांच्या घरी उतरायचं होतं त्यांच्यासाठी. मॅडमना विचारलं, “तुम्ही काय घेतलंय?”

“मुकुट,” मॅडम म्हणाल्या. “उद्या संध्याकाळी सत्कार ठेवलाय. म्हणाले, घालूनच या. पेटीत नेला तर खडे निघतात, म्हणून पुरणपोळीच्या डब्यात जुन्या साडीत गुंडाळून ठेवते.”

सिन्नरच्या पुढं हवा बदलली. पौष संपत आला होता. आमच्याकडं त्या दिवसांत दुपारी पंखा लागतो, इथं काचेला हात लावला तर गार. रस्त्याकडेला द्राक्षांच्या बागा, मांडवाखाली घड लोंबताना गाडीतूनसुद्धा दिसत होते. कांद्याचे ट्रॅक्टर एकामागं एक चाललेले. आमच्याकडं कांदा पिशवीत भरून बाजारात येतो, इथं ट्रॉलीत मोकळाच ओततात. हे मान वळवून वळवून बघत होते. एका ट्रॅक्टरवर भोंगा लावून गाणं चाललेलं. तो मागं पडेपर्यंत यांची मान तिकडंच होती.

नाशिक रोड

आम्ही उतरलो ते मॅडमच्या मैत्रिणीच्या घरी. संघमित्राताई त्यांचं नाव, त्याही स्पीच थेरपिस्ट, नाशिक रोडला एका कॉलनीत राहतात. दारात निळा झेंडा, आत गेल्यावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, समोर मेणबत्ती. मॅडमना हॉटेलवर जायचं होतं, म्हणून घाईघाईनं सामान उतरवलं.

ताईंचे वडील नोटा छापतात त्या प्रेसमधून निवृत्त झालेले. आयुष्यभर मशिनीच्या आवाजात काम करून कानानं पार कमी ऐकू येतं. मुलगी ह्याच कामातली, तिनं चांगलं कानाचं मशीन आणून दिलंय, आणि काकांनी ते कपाटात ठेवलंय. ताई म्हणाल्या, “दुनियेला मशीन लावायला सांगते मी, घरात चालत नाही.”

काकांनी यांना खाटेवर शेजारी बसवून घेतलं, स्वतःची कानटोपी यांच्या डोक्यावर चढवली.

“पाहुणे, सोलापूरचे म्हंजे चादरवाले का?”

“हाय की.”

“आमचं मूळ गाव सायखेड्याकडं. गंगेच्या काठाला. लय काळी जमीन. आता पोरं करत्यात, मी नाय जात.”

“हाय की.”

“तेच म्हणतो ना मी.”

तासभर असं चाललं. काकांना उत्तर ऐकू येत नव्हतं आणि यांच्याकडं एकच उत्तर होतं, त्यामुळं दोघांचं छान जमलं. लकवा मारल्यापासून यांच्याशी कुणी एवढा वेळ बोललेलं मी पाहिलं नव्हतं. लोक दोन वाक्यं बोलतात, मग माझ्याकडं बघून बोलायला लागतात. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून डोळ्यांना पदर लावला.

तेवढ्यात काकू भाकरी थापता थापता ओरडल्या, “दिनकरराव, पाहुण्यांना जेवू द्या आता.”

मी चमकलेच. आमच्याकडं नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. माझ्या सासूनं मरेपर्यंत घेतलं नाही. काकूंना माझ्या तोंडावरून कळलं असणार. म्हणाल्या, “आमच्यात हे नाय मानत. आन् नाव घेऊन आयुष्य कमी होत असतं तर हा माणूस कवाच गेला असता. दिवसातून पन्नास डाव घेते मी.”

मी हसले, पण मनातून हबकले. ज्याचं आयुष्य आधीच एकदा दारापर्यंत जाऊन आलंय, त्याच्या बायकोला असलं धाडस कुठून यायचं?

मिसळ

दुसऱ्या दिवशी सकाळी संघमित्राताई आम्हाला सभागृहात न्यायच्या आधी मिसळ खायला घेऊन गेल्या. इथली मिसळ काळ्या मसाल्याची, सोबत पाव, दही, भाजलेला पापड. झणका असा की नाकातून पाणी येतं. यांना आवडलेली दिसत होती. डाव्या हातानं भराभर खात होते. वाढपी रश्शाचं भांडं घेऊन आला, यांच्या ताटलीवर वाकून म्हणाला, “तर्री देऊ का काका?”

“हाय की.”

आणि तो पुढच्या टेबलाकडं निघून गेला.

मला आधी कळलंच नाही. दुसऱ्या फेरीला पुन्हा आला, “रस्सा?”, “हाय की”, पुन्हा पुढं गेला. मग लक्षात आलं. सोलापुरात सगळ्या ओळखीच्यांना माहीत झालंय की हाय की म्हणजे द्या. इथं त्याचा अर्थ सरळ होता, आहे माझ्याकडं, नको. हे कोरडा पाव धरून त्या पोराच्या पाठीकडं बघत होते. मागता येत नव्हतं, आणि जे बोलत होते त्यानंच हातातलं जात होतं.

मी भांडं मागवून वाढलं. ताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

सभागृह मोठं, खुर्च्या लाल, थंडी आतसुद्धा. सगळे शिकलेले, गळ्यात नावाची कार्डं. मॅडम आल्या तशा पोरी फोटो काढायला धावल्या. आमच्या मागं कुणीतरी म्हणालं, “ती मुकुटवाली.” आवाजात हसू होतं. मॅडमच्या कानावर गेलं असणार, त्यांनी मागं पाहिलं नाही.

चहाच्या वेळी एक वयस्क सर आमच्याजवळ येऊन बसले. पांढरी दाढी, बोलणं मऊ. या सगळ्यांना त्यांनीच शिकवलंय, असं ताईंनी सांगितलं, म्हणून मी त्यांना मोठे सर म्हणते. त्यांनी यांचा हात हातात घेतला.

“बरं वाटतंय ना?”

“हाय की.”

“आपण आता पुण्यात आहोत, नाही का?”

“हाय की.”

हे स्वतःच मान हलवत होते की नाही, पुण्यात नाही, आणि तोंडातून हाय की येत होतं. यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी हात तसाच धरून ठेवला आणि माझ्याशी बोलले. “ताई, तुम्ही दोघींनी खूप केलंय. पण वर्ष-दीड वर्षानंतर नवीन येणं अवघड असतं. येणारच नाही असं मी म्हणणार नाही. तुम्ही मात्र वाट बघत बघत स्वतः आजारी पडू नका.”

ते वाईट बोलले नाहीत. वाईट बोलले असते तर मी रागावले तरी असते.

गंगेवर

दुपारी काका आम्हाला गंगेवर घेऊन गेले. गोदावरीला इथले लोक गंगाच म्हणतात. रामकुंडावर गर्दी होती, म्हणून खालच्या अंगाला पायऱ्यांवर बसलो. कुणी केस काढत होतं, कुणी कपडे धूत होतं, एक बाई पाण्यात नाणं टाकताना दुसरीला म्हणत होती, “मनातलं सांग, तोंडानं नको सांगू.” काका त्यांच्या गावच्या पुराच्या गोष्टी यांना सांगत होते.

मी यांचे पाय धुतले. उजव्या पायाला पाणी गार लागतं हे यांना कळत नाही, डाव्याला कळतं. डावा पाय यांनी झटकन ओढला आणि उजवा तसाच राहिला.

तिथं बसून मी मनाशी ठरवलं. उद्या मॅडम यांना सगळ्यांसमोर उभं करणार. उद्या दुसरा शब्द निघाला तर निघाला. नाही निघाला तर सोलापूरला गेल्यावर मॅडमना हात जोडायचे आणि सांगायचं की आता सोमवारचं येणं बंद. त्यांनी आमच्यापायी किती करायचं, लोकांचं किती ऐकायचं? एका बाईनं दीड वर्ष थाप मारली तरी शब्द येत नसेल, तर तो येत नाही. यांच्याशी सुरातच बोलू. काका बोलतातच की.

ठरवलं आणि छाती मोकळी व्हायच्या ऐवजी भरून आली. नदीकडं तोंड करून मी काही मागितलं नाही. भीती वाटली.

संध्याकाळी सत्काराला गेलो तर वेगळंच. स्टेजमागच्या खोलीत मॅडमनी डबा उघडला आणि आतून निघाली कडक भाकरी. आदल्या दिवशी उतरताना घाईत मी माझा डबा ड्रायव्हरच्या हातात दिला होता आणि त्यांचा घरात नेला होता. काकूंनी तो सवडीनं उघडू म्हणून फळीवर ठेवून दिलेला. मुकुट नाशिक रोडला, सत्कार इकडं. मी काय बोलले आठवत नाही, मॅडमचे पाय धरायला वाकले एवढं आठवतं.

मॅडमनी मला दंडाला धरून उभं केलं. “मामी, उठा. हसतील लोक.” आणि तशाच, उघड्या डोक्यानं स्टेजवर गेल्या. माईकवर म्हणाल्या, “मुकुट आणणार होते, त्याऐवजी भाकरी आलीय. कार्यक्रमानंतर ज्याला हवी त्यानं घ्यावी. चटणी तिखट आहे.” सगळे हसले, पण सकाळच्यासारखं नाही. भाकरी संपलीसुद्धा. गाडीत बसताना मला म्हणाल्या, “बरंच झालं. तो घातला की लोक डोक्याकडं बघतात, बोलणं कुणी ऐकत नाही.”

त्यांनी माझी समजूत घातली, पण मला वाटलं, अजून एक ओझं वाढलं.

सभागृह

मॅडमचा नंबर दुसऱ्या दिवशी सकाळी होता. अध्यक्ष मोठे सरच. मॅडमनी पडद्यावर चित्रं दाखवली, डोक्याचा कुठला भाग बोलतो, कुठला गातो, हे सांगितलं. मग आम्हाला वर बोलावलं. यांना खुर्चीवर बसवलं, मी बाजूला उभी.

मॅडमनी यांचा डावा हात घेतला. थाप दिली. “पाऽणी.”

“हाऽय की,” सुरात.

“चऽहा.”

“हाऽय की,” चहाच्या सुरात.

मॅडमनी सांगितलं की बघा, सूर वेगळा आहे. पुढच्या रांगेतल्या काहींनी माना डोलावल्या. मागच्या रांगांना काहीच कळलं नव्हतं, ते दिसत होतं. मॅडमनी पुन्हा केलं. पुन्हा हाय की. तिसऱ्यांदा केलं तेव्हा यांच्या कपाळावर घाम आला होता. माझ्या मनातलं सोमवारचं दार हळूहळू लागत चाललं.

मोठे सर म्हणाले, “थांबा थोडं. त्यांना दम घेऊ द्या. ताई, तुम्ही बोला आमच्याशी. आधी यांचं नाव सांगा आणि हे काय काम करायचे ते सांगा.” आणि कुणीतरी माझ्या हातात माईक दिला.

माईक मी जन्मात धरला नव्हता. यांच्या माईकला घरात कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता. आणि विचारलं काय, तर नाव. एवढ्या लोकांसमोर, एवढ्या मोठ्या आवाजात. काकू डोळ्यांसमोर आल्या, सासू आली. मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. हात इतका कापत होता की माईक माझ्या मंगळसूत्राला लागून भोंग्यातून खडखड आवाज यायला लागला. लोक थांबले होते. मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या, “मामी, मी सांगू का?” मला मानसुद्धा हलवता येईना.

तेव्हा यांनी डावा हात पुढं केला आणि माझ्या हातातून माईक काढून घेतला.

रागानंच घेतला. माईकचा तसा आवाज यांना आयुष्यात कधी सहन झाला नाही. माईक तोंडापासून चार बोटं लांब धरला, अंगठ्यानं दोनदा टकटक केलं, फुंकर मारली, मान वर करून भोंगा कुठं लावलाय ते बघितलं.

“हॅलो.”

मी यांच्याकडं बघितलं नाही, भोंग्याकडं बघितलं. आवाज तिकडून आला होता.

“हॅलो. हॅलो. चेक.”

स्वच्छ. जाड, आमच्या गल्लीत रोज ऐकू यायचा तसा. मग भोंगा कुईऽ करून ओरडला. यांनी तोंड वाकडं करून खुर्चीतल्या खुर्चीत अंग फिरवलं, माईकची दिशा बदलली, तसा तो गप्प झाला. पुढं बोलायला तोंड उघडलं. “स,” म्हणाले. “स. स.” समस्त यायचं होतं ते. मानेच्या शिरा ताणल्या. आणि मग खांदे पडले.

“हाय की,” यांनी माईकवर सांगितलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या नको होत्या, कारण यांना त्या आवडल्या नव्हत्या. अर्ध्यावर तुटलेल्या जाहिरातीला टाळ्या वाजवल्यासारखं झालं. मी मात्र खाली बसले, स्टेजवरच, यांच्या खुर्चीच्या पायाशी.

टाळ्या थांबल्यावर मॅडम म्हणाल्या, “हे माझ्या उपचारानं झालेलं नाही, हे नोंदवून घ्यावं. मामा माईकवर जाहिराती पुकारायचे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी दीड वर्ष त्यांच्या हातावर थापा देत बसले. हातात माईक द्यायचं मला सुचलं नाही. माईक बघून त्यांना वाईट वाटेल, म्हणून मी तो विषयच टाळत होते.”

काल मुकुटवाली म्हणणारे कोण होते मला माहीत नाही, ते तिथंच असतील.

मोठे सर म्हणाले, “हे सवयीनं येणारं बोलणं आहे. हॅलो, चेक, हे विचार करून येत नाही, आपोआप येतं. याला बोलणं परत आलं म्हणायचं का? मी आज हो म्हणणार नाही.” मग म्हणाले, “काल मी या ताईंना जे सांगितलं, तेही आज पुन्हा सांगणार नाही.”

मी खालूनच, माईकशिवाय, सांगितलं, “साहेब, यांचं काम एवढंच होतं. बोलायचं.” माझा आवाज पहिल्या रांगेपलीकडं गेला नसेल.

दुपारी आम्ही निघालो. काकांनी कानटोपी परत घेतली नाही. काकूंनी मुकुटाचा डबा पुसून दिला आणि वर द्राक्षं ठेवली. मॅडम म्हणाल्या, “त्र्यंबकला जाऊन यायचं का? एवढ्या जवळ आलाय.” मी म्हटलं, “नको मॅडम, घरी चला.” मला घाई होती.

सोलापूर

यांचा सगळा सेट, भोंगे, मशीन, माईक, दिराकडं पडून होता. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तो मागून आणला. दीर म्हणाले, “आता काय करायचं हाय वहिनी त्याचं?” मी म्हटलं, “चहा मागायचाय.”

सोमवारी मॅडमच घरी आल्या. पहिले दोन आठवडे नुसतं हॅलो, चेक. मग मॅडमनी हॅलोच्या पाठोपाठ थाप दिली, “हॅलो, चऽहा.” बऱ्याच दिवसांनी एका सकाळी मी चूल पेटवत होते आणि बाहेरून, खिडकीच्या काचा हलतील एवढ्या आवाजात आलं, “हॅलो. चहा.” शेजारची जनाबाई दारात येऊन म्हणाली, “आगं, दे की त्यांला, साऱ्या गल्लीला कळलं.” त्यानंतर पाणी आलं. अजून तेवढंच. माईक खाली ठेवला की पुन्हा हाय की.

मॅडम म्हणाल्या, “आता आवाज रोज थोडा थोडा कमी करत न्यायचा, मामी. बटण एकेक घर खाली. शेवटी भोंगा बंद आणि माईक नुसता हातात. मग तोही काढून घ्यायचा. घाई करू नका.”

मी घाई केली. परवा सकाळी बटण बंद ठेवूनच माईक यांच्या हातात दिला. बघू तरी, म्हटलं.

यांनी अंगठ्यानं टकटक केलं. आवाज नाही. फुंकर मारली. वायर हातात धरून शेवटपर्यंत डोळ्यांनी तपासली, मशीनकडं बघितलं, मग माझ्याकडं. माईक मांडीवर ठेवला आणि थांबले. बंद माईकवर आमचे हे कधीच बोलले नाहीत.

मी पदरानं हात पुसले, मशीनजवळ गेले आणि बटण चालू केलं.